गोळी कोणाची, जाब कोणाला?



रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्याला समोरच्या जवानाच्या खांद्यावरचा बिल्ला वाचायची उसंत नसते. लाठी राज्याच्या पोलिसाची असो की केंद्राच्या राखीव दलाची, सारखीच लागते. मग त्यांच्यावर हुकूम कोणाचा, मुंबईचा की दिल्लीचा, या वादात आपण कशाला पडायचे, असे आपलेच कार्यकर्ते विचारतात. हा वाद वकिलांचा म्हणून सोडून दिला तर काय होते ते मंदसौरने दाखवले आहे.

जून २०१७. इकडे पुणतांब्यातून शेतकरी संप पेटला होता, तिकडे मध्य प्रदेशात मंदसौरचा शेतकरी भावासाठी आणि कर्जमुक्तीसाठी रस्त्यावर आला होता. ६ जूनला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गोळ्यांनी मेले. पहिल्या दिवशी राज्य सरकार म्हणाले, आमच्या पोलिसांनी गोळी झाडलीच नाही. मग काय आभाळातून पडल्या? दोन दिवसांनी त्याच सरकारच्या गृहमंत्र्यांना गोळ्या पोलिसांच्याच होत्या हे कबूल करावे लागले. पुढे चौकशी आयोग बसला. त्यात केंद्रीय राखीव पोलीस दलानेही गोळ्या झाडल्याचे आले आणि राज्याच्या पोलिसांनीही. निष्कर्ष काय, तर दोन्ही गोळीबार आवश्यक होते! मेलेल्याच्या बापाने मुडद्याकडे पाहून कोणाची गोळी ते ओळखायचे आणि त्याप्रमाणे भोपाळची गाडी धरायची की दिल्लीची ते ठरवायचे.

ही थट्टा नव्हे, कायदाच तसा आहे. जमाव पांगवताना पोलिसाने केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर राज्य सरकारची परवानगी लागते. केंद्राच्या सशस्त्र दलाचा जवान असेल तर परवानगी केंद्राची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते, १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेतही ते जसेच्या तसे आहे. गावच्या आमदाराला आपण वेशीवर अडवू शकतो. दिल्लीच्या गृहखात्यातल्या सचिवाला कोण कुठे अडवणार?

हे मुळात असे नव्हते. घटनाकारांनी सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे दोन्ही विषय राज्यांच्या यादीत टाकले. केंद्राची फौज राज्याच्या मदतीला येते ती राज्याने हाक दिल्यावर, असाच समज होता. १९६८ साली केंद्र सरकारच्या नोकरांचा संप झाला तेव्हा दिल्लीने केरळात न विचारता राखीव पोलीस धाडले आणि नंबुद्रिपाद सरकारने त्याला कडाडून विरोध केला. राज्यांची ही कटकट आणीबाणीने कायमची मिटवली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या यादीत ‘२-अ’ नावाची नोंद घुसडली. केंद्राची सशस्त्र दले राज्यात तैनात करणे, तिथे त्यांना काय अधिकार, काय संरक्षण, हे सगळे ठरवणार केंद्र. जोडीला कलम २५७-अ आणले. त्यात सरळच लिहिले की ही दले केंद्राच्याच हुकमाखाली राहतील.

आणीबाणी गेली. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने २५७-अ काढून टाकले, २-अ मात्र तशीच राहिली. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारे दिल्लीत बसून गेली. विरोधात असताना राज्यांच्या हक्कांसाठी गळा काढणाऱ्यांनीही गादीवर बसल्यावर त्या नोंदीला हात लावला नाही. सरकारिया आयोगाने १९८८ साली सांगितले की दल धाडण्यापूर्वी राज्याशी बोलावे हे बरे, पण बंधन नको. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली बजावले की केंद्राचे दल मुलकी सत्तेच्या मदतीला आहे, तिला बाजूला सारायला नाही. आता मदतीला आलेल्याचा मुकादम कोण, हे मात्र मोघमच.

काही शहाणे विचारतील, राज्य सरकारच नालायक निघाले तर? दिल्लीच्या हाती दांडा नको का? दांडा होताच की. ६ डिसेंबर १९९२ ला केंद्राच्या तुकड्या फैजाबादेत उभ्या होत्या. राज्याने त्यांना वापरले नाही आणि २-अ खिशात असूनही केंद्राने त्यांना हलवले नाही. १९८४ साली तर दिल्लीचे पोलीस थेट केंद्राचे होते. शिखांच्या कत्तली चालू असताना लष्कर उतरले ते उशिरा. शेतकरी दिल्लीच्या वेशीवर आला की मात्र उशीर होत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत सिंघू, टिकरी, गाझीपूरला काँक्रीट, काटेरी तारा, रस्त्यात ठोकलेले खिळे किती झटपट तयार झाले!

राज्य सरकार म्हणजे धुतल्या तांदळासारखे, असेही आम्ही म्हणत नाही. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या शेतकऱ्यांवर गोळ्या घालणारे पोलीस कर्नाटकचेच होते. शंभू आणि खनौरीचे मोर्चे मार्च २०२५ मध्ये उठवले ते पंजाबच्या पोलिसांनी. पण तिथे कोणी केले हे लपवता आले नाही. दोन सरकारे एकमेकांच्या आडून गोळी झाडतात तेव्हाच ते लपते.

आणि खर्च? राज्याने मागवलेल्या केंद्रीय तुकड्यांचे पैसे राज्याच्या खात्यातून जातात, म्हणजे तुमच्याआमच्या करातून. पुरात माणसे उचलायला आलेल्या विमानांचेही तेच. जुलै २०२४ मध्ये वायनाडचा डोंगर कोसळला आणि त्याच वर्षअखेर दिल्लीने केरळकडे विमानसेवेपोटी १३२ कोटींहून अधिक रकमेची मागणी केली. खर्च राज्याचा, खटल्याची परवानगी दिल्लीची, असला वाटा कोणता बटाईदार मान्य करील?

म्हणून जिल्हा मेळाव्यात ठराव मांडायचा आहे. २-अ ही नोंद रद्द करा. ती होईपर्यंत, आंदोलनाच्या ठिकाणी केंद्राचे दल येणार असेल तर राज्य मंत्रिमंडळाची लेखी मागणी हवी, ती त्याच दिवशी जाहीर झाली पाहिजे आणि जागेवर हुकूम देणारा दंडाधिकारी कोण, त्याचे नाव तहसील कचेरीच्या फलकावर लागले पाहिजे. गोळी चाललीच तर खटल्याची परवानगी राज्यानेच द्यायची किंवा नाकारायची, दल कोणाचेही असो. बंदूक घेऊन उभा असलेला पोरही बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच असतो, आमचा राग त्याच्यावर नाही. हुकूम देणाऱ्याचे नाव आम्हाला कागदावर पाहिजे. तालुका शाखांनी ठरावाच्या प्रती मेळाव्यापूर्वी आपापल्या आमदार-खासदारांना समक्ष द्याव्यात आणि पोच घ्यावी. कोणी सही करायला नकार दिला तर तेही मेळाव्यात नावानिशी सांगावे.