चिखलाची मालकी कोणाची?

माघ सरत आला की ठाण्याच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी एक आगळे दृश्य दिसते. पाणी हटते, राखाडी चिखल दूरवर उघडा पडतो आणि त्यावर हजारो रोहित पक्षी माना खाली घालून चरू लागतात. त्यांच्या पायांशी चिखल्या आणि तुतवारांची लगबग चालू असते. या लहान पक्ष्यांपैकी कित्येक थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून आलेले असतात. परतीच्या उड्डाणाची शिदोरी त्यांना याच चिखलातून गोळा करावयाची असते.

शहरी मनाला चिखल म्हणजे घाण आणि भरावासाठी आयती पडीक जमीन! वस्तुतः हे एक समृद्ध कोठार आहे. रोहित येथील शेवाळावर जगतात. तिवरांच्या मुळांशी कोलंबी, चिंबोऱ्या आणि माशांची पिले वाढतात. त्याच बळावर खाडीकाठच्या कोळीवाड्यांची चूल पिढ्यान्‌पिढ्या पेटत आली. पक्षी आणि कोळी यांचे ताट एकच आहे.

तिवरांच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर मनाई केली. २०१५ साली खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य झाला, २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु सरकारी नकाशावरील रेषा पक्ष्यांना वाचता येत नाहीत. भरती येताच चिखल बुडतो आणि विसाव्यासाठी त्यांना जवळच उथळ, निवांत पाणी लागते. नेरूळची तळी आणि उरणजवळील पाणजे ही अशी ठिकाणे अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत, आणि बांधकामाच्या भांडवलाचा डोळा नेमका तेथेच आहे. भराव घालण्याचीही गरज नसते. भरतीची वाट बुजवली की पाणथळ आपोआप मरते. ओहोटीचे ताट राखावयाचे आणि भरतीचे अंथरूण विकावयाचे, याला रक्षण म्हणता येईल काय?

‘माणसांना घरे नाहीत, तेथे पक्ष्यांचे कौतुक कशाला?’ असा प्रश्न चळवळीतही विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण भरावावरील इमारतींत बेघरांना जागा मिळते काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा सखल वस्त्यांतील गरिबांचे संसार बुडाले. पुराचे पाणी सामावून घेणारी जमीन बुजवण्याची किंमत तेच मोजतात.

मात्र पक्ष्यांच्या नावाखाली कोळ्यांना खाडीबाहेर काढणारे रक्षणही तितकेच अन्यायकारक ठरेल. खाडीची खरी राखण तिच्यावर जगणारेच करू शकतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी या फाल्गुनात एक ओहोटी आणि एक भरती कोळी बांधवांसोबत खाडीकाठी घालवावी. कोणते पक्षी कोठे चरतात, कोठे विसावतात, पाण्याची वाट कोठे अडली आहे, याची तारीखवार नोंद ठेवावी. ‘येथे काहीच नव्हते’ असे उद्या कोणी न्यायालयात सांगू लागला, तर ही साधी वही जनतेच्या बाजूची साक्ष ठरेल.