गॅस संपत नाही, गळतो

चैत्र-वैशाखाच्या उन्हात जुन्या मोटारीतील वातानुकूलन यंत्र गार हवेऐवजी कोमट वारा देऊ लागले, की बहुधा एकच निदान होते : ‘गॅस संपला.’ मग गॅस भरला जातो, पैसे मोजले जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच प्रकार. गॅसचे लहान डबे बाजारात मिळू लागल्यापासून हे काम घरच्या अंगणातच उरकावे, असेही काहींस वाटते. म्हणून आमच्या वाचक कुटुंबांशी याविषयी चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा गॅस पेट्रोलप्रमाणे जळून खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्यास दाबतो. रेडिएटरपुढील कंडेन्सरच्या जाळीत तो आपली उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. पुढे डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये दाब उतरताच त्याची वाफ होते व ती गाडीतील उष्णता शोषून घेते. तात्पर्य, गॅस कमी झाला असेल तर तो कोठून तरी बाहेर गेला आहे. जुन्या रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपणे स्वाभाविक होय. परंतु दरवर्षी भरावा लागत असेल, तर ते फुटक्या घागरीत पाणी ओतणे आहे.

शिवाय दोष नेहमी गॅसचाच असतो असेही नाही. म्हणून आधी घरी करण्याजोगे करावे. कंडेन्सरच्या जाळीतील धूळ, पाने व किडे पाण्याच्या हलक्या धारेने धुवावेत. जोराच्या धारेने तिचे पातळ पत्रे दुमडतात. इंजिन बंद ठेवून पट्टा ढिला आहे काय ते पाहावे. यंत्र चालू असता पुढचा पंखा फिरतो की नाही, हे हात दूर ठेवून पाहावे. नळ्यांच्या सांध्यावर तेलकट धुळीचा डाग दिसल्यास तेथे गळतीचा संशय घ्यावा, कारण गॅसबरोबर यंत्रातील तेलही बाहेर येते. थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून दहा मिनिटे यंत्र चालवावे, म्हणजे तेल फिरत राहून कॉम्प्रेसरचे सील सुकत नाही.

येथे घरचे काम संपते. गळती दुरुस्त करण्यासाठी नळ्या उघडल्या, की आत हवा व ओल शिरते. ती ओल गोठून वाट अडविते आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करते. म्हणून ड्रायर बदलून व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवावा लागतो, आणि नंतर बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा लागतो. अधिक गॅस म्हणजे अधिक गारवा नव्हे. दाब वाढून गारवा उलट कमी होतो व कॉम्प्रेसरवर ताण येतो.

तरीही कोणी डबा वापरणारच असेल, तर त्याने तीन गोष्टी विसरू नयेत. चालत्या इंजिनात डबा जास्त दाबाच्या बाजूस जोडल्यास तो हातातच फुटू शकतो. आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांवर उकळतो; त्याचा द्रव त्वचेवर वा डोळ्यांत उडाल्यास हिमदाह होतो. म्हणून चष्मा व हातमोजे घालावेत, काम मोकळ्या हवेत करावे, डबा विस्तवाजवळ नेऊ नये आणि मुलांस जवळ उभे करू नये. तिसरी गोष्ट, स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस या यंत्रात कदापि भरू नये. कॉइल गळाल्यास तो माणसांनी भरलेल्या बंद गाडीत शिरतो, आणि मग एक ठिणगी पुरे.

फार जुन्या गाड्यांत आर-१२ असे. तो वातावरणातील ओझोनचा थर झिजवितो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आले. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशेहून अधिक पट उष्णता धरून ठेवतो. हे दोन गॅस एकत्र करू नयेत. त्यांची तेलेही निराळी आहेत. आणि कोणताही गॅस हवेत सोडून देऊ नये. तो यंत्राने परत काढून घेता येतो.

तेव्हा वाचकहो, या उन्हाळ्यात गॅरेजात गेल्यावर ‘गॅस भरण्यास किती पडतील?’ हे मागाहून विचारावे. आधी विचारावे, ‘गळती कोठे आहे ती दाखवा.’ जो कारागीर ती दाखवील, त्यास दोन पैसे अधिक दिले तरी ते वाया जाणार नाहीत.