रोप लावण्याआधी सांगा

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर सरलेल्या वर्षाचा आढावा घ्यायची पद्धत आहे. ती थोडक्यात उरकतो. जयंत नारळीकर गेले. शिवरायांच्या किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला आणि मागेही घेतला गेला. सप्टेंबर सरता सरता मराठवाड्यात आणि सोलापुरात पावसानं उभी पिकं नेली, काही ठिकाणी खालची मातीही नेली. आता ज्या गोष्टीनं वर्षभर डोकं उठवलंय तिच्याकडे वळतो. विषय रुक्ष आहे, आयात-निर्यातीचे नियम. पण आमचे वाचक संपादकीयावरच अंक मिटणाऱ्यांतले नव्हेत.

१ एप्रिल २०२५ ला कांद्यावरचं २० टक्के निर्यातशुल्क उठलं. आता बंदी नाही, शुल्क नाही, किमान दराची अट नाही. तरी उन्हाळ कांदा आला तो पडेल भावात, आणि भाव चढेल या आशेनं चाळीत भरलेला तिथंच सडू लागला. याचं सगळं खापर दिल्लीवर फोडता येणार नाही, पीकही भरपूर होतं. पण आधीच्या दोन वर्षांत आपण गिऱ्हाइकाशी कसे वागलो, ते आठवून पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरात टनाला किमान ८०० डॉलरची अट. डिसेंबरात सरळ बंदी, मार्चअखेरपर्यंत म्हणून. मार्च सरत आला तशी ती बेमुदत झाली. मग ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिकचं मतदान २० मे रोजी होतं. १३ सप्टेंबरला किमान दर गेला, शुल्क निम्मं झालं, त्याच दिवशी खाद्यतेलावरचं आयातशुल्कही वाढलं. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. मधे एप्रिलात, देशभर बंदी असताना, गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला तेवढी वाट मोकळी झाली होती. लासलगावात त्यावर काय बोललं गेलं, ते या अंकात छापण्याजोगं नाही.

त्यातला ७ डिसेंबर २०२३ हा दिवस मला विसरता येत नाही. त्या एका दिवसात कांद्याची निर्यात बंद झाली, पिवळा वाटाणा बिनशुल्क आत यायची मुभा मिळाली आणि उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असं साखर कारखान्यांना कळवण्यात आलं. कांदा, डाळी आणि ऊस, म्हणजे महाराष्ट्राचा निम्मा शेतीसंसार. नागपुरात त्याच दिवशी विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होत होतं. बाजारात तेव्हा खरिपाचा लाल कांदा होता. हा कांदा टिकत नाही. काढला की आठवड्या-दोन आठवड्यांत मिळेल त्या भावात विकायचा. उन्हाळ कांद्याची रोपं त्याच दिवसांत वाफ्यात होती, कुठं लावणी चालू होती. लावणाऱ्यानं कुठल्या भावाचा हिशेब धरायचा? ज्याची गाडी न्हावाशेवाच्या वाटेवर होती त्याचं तर नशीबच. जहाजात चढू लागलेला किंवा कस्टमच्या ताब्यात गेलेला माल सुटणार, बाकीचा परत.

सरकार भित्रं आहे, आणि ते भितं आपल्याला. शंभर रुपये किलोचा कांदा पहिल्या पानावर येतो. शेतकऱ्यानं रस्त्यावर ओतलेला आला तर आतल्या पानावर, फोटो चांगला असेल तर. १९९८ साली दिल्लीतलं राज्य सरकार कांद्यानं पाडलं असं म्हणतात, तेव्हापासून प्रत्येक राजवटीला हेच वांधे आहेत. त्यामुळे हे एकाच पक्षाचं पाप आहे असं मी म्हणणार नाही. पण २०२० ची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. कांद्यावरची साठ्याची बंधनं सैल करणाऱ्या विधेयकाला लोकसभेनं १५ सप्टेंबरला मंजुरी दिली, शेतकऱ्याला बाजार मोकळा केला म्हणून भाषणं झाली. निर्यातबंदी आदल्याच दिवशी, १४ तारखेला लागली होती!

माझी मागणी फार मोठी नाही. शुल्क लावा, कोटा ठरवा, वाटलं तर बंदीही घाला. मात्र रोप लावण्याआधी सांगा आणि तो माल विकून होईपर्यंत बदलू नका. भाव अमुक एका आकड्यावर गेला की अमुक शुल्क लागेल, असा तक्ता आधीच जाहीर करायला कुठली घटना आडवी येते? नियम कडक असला तर शेतकरी कांद्याऐवजी दुसरं काही लावेल. पीक हातात आल्यावर मात्र त्याच्याकडे कुठलाच मार्ग उरत नाही.

आमच्या या अंकाचा विषय 'शेजार' आहे. ओढून आणलेला संबंध वाटेल, पण ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा नुकतीच बंदी लागली होती. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, असं त्या हसत हसत म्हणाल्या, आणि निदान आधी कळवत जा, हेही. त्यानंतर बांगलादेशानं इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान सगळीकडून कांदा आणून पाहिला. परदेशातल्या पंतप्रधानांनी आणि निफाडच्या शेतकऱ्यानं तक्रार एकच करावी, असा योग दुर्मिळच.

यंदा पाळी कापसाची. अमेरिकेनं लावलेल्या शुल्कानं कापडगिरण्या अडचणीत आल्या, त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून १९ ऑगस्टला ११ टक्के आयातशुल्क माफ झालं. गिरण्यांची अडचण खोटी नाही. आधी ३० सप्टेंबरपर्यंतच, असं सांगितलं होतं. दहा दिवसांत ते ३१ डिसेंबरपर्यंत गेलं, म्हणजे विदर्भातला कापूस बाजारात यायला लागतो ते महिनेच त्यात आले. डिसेंबरनंतर काय, हे हा अंक छापायला जाईपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. वेचणी मात्र सुरू झाली आहे.