‘आयुष्यात एकदाच’चे अर्थशास्त्र

‘आयुष्यात एकदाच तर जेवायचे आहे!’ हा सुखवस्तू मराठी मध्यमवर्गाचा नवा मंत्र झाला आहे. पॅरिसमधील एखाद्या नामांकित उपाहारगृहात महिनोन्‌महिने आधी टेबल राखून ठेवायचे, सहलीच्या खर्चात त्या एका रात्रीचा खर्च वेगळा धरायचा, दहा-बारा बशांतून येणारे दहा-बारा घास खायचे, प्रत्येक घासाचे छायाचित्र काढायचे आणि परतल्यावर वर्षभर त्याचे वर्णन करायचे, हा क्रम आता पुण्यामुंबईपुरता उरलेला नाही. ज्यांचे आईवडील पेणच्या बाजारपेठेत किंवा रोह्यात कुंडलिकेच्या काठी राहतात, अशा कुटुंबांतही तो पोहोचला आहे. कुणी आक्षेप घेतलाच तर उत्तर तयार असते: पैसा आमचा, जीभ आमची, आणि तेही आयुष्यात एकदाच. या उत्तरात तीन विधाने आहेत. तिन्ही तपासून पाहण्याजोगी आहेत.

प्रथम जिभेचे विधान घेऊ. उपाहारगृह कोणते निवडायचे हे खरोखर जीभ ठरवते काय? जगातील ‘सर्वोत्तम’ उपाहारगृहांना तारे वाटणारी जी मिशेलिनची मार्गदर्शिका आहे, ती १९०० साली एका टायर बनवणाऱ्या कंपनीने काढली. लोकांनी मोटारी अधिक चालवाव्यात आणि टायर अधिक झिजावेत हा त्यामागचा सरळ व्यापारी हेतू होता. तीन ताऱ्यांचा अर्थही त्या हेतूशी इमानदार आहे: येथे जेवण्यासाठी मुद्दाम प्रवास करून यावे. एका टायर कंपनीने ठरवलेल्या दर्जाच्या शोधात रोह्याचा माणूस सात हजार किलोमीटर जातो आणि ‘जीभ आमची’ असे म्हणतो, यातील विनोद त्याच्या ध्यानात येत नाही. खारेपाटातल्या तळ्यात वाढलेला जिताडा पेणच्या बाजारात टोपलीत असतो, तेव्हा त्याच्या भावावरून हा माणूस कोळणीशी हुज्जत घालतो. त्याच जातीचा मासा मोठ्या हॉटेलात इंग्रजी नाव धारण करून पांढऱ्या बशीत येतो, तेव्हा मात्र भाव विचारणे त्याला असंस्कृतपणाचे वाटते. जुन्या फ्रेंच उपाहारगृहांत यजमानाखेरीज इतरांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हाती जी यादी दिली जाई तिच्यावर किमतीच छापलेल्या नसत. किंमत दिसू नये आणि तरीही ती जबर आहे हे सर्वांना कळावे, ही त्या व्यवहाराची खुबी. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये प्रदर्शनी उपभोगाची जी मीमांसा केली, तिचे सार हेच होते की काही वस्तू चांगल्या असून महाग नसतात. महाग असतात म्हणून चांगल्या ठरतात. तेव्हा येथे जेवते ती जीभ नव्हे, प्रतिष्ठा जेवते.

दुसरे विधान ‘एकदाच’चे. याबाबतीत एक गाजलेले उदाहरण आठवावे. १९७५ साली न्यूयॉर्क टाइम्सचा खाद्यसमीक्षक क्रेग क्लेबोर्न याने एका दूरचित्रवाणी केंद्राच्या मदतनिधीसाठी झालेल्या लिलावात तीनशे डॉलरची बोली लावून एक बक्षीस मिळवले. अमेरिकन एक्सप्रेस ही कंपनी जगातील कोणत्याही उपाहारगृहात दोघांच्या जेवणाचा खर्च देणार होती. त्या खर्चाला मर्यादा नव्हती. अट एवढीच की त्या उपाहारगृहात कंपनीचे कार्ड चालले पाहिजे. क्लेबोर्न आणि त्याचा सहकारी पिएर फ्राने पॅरिसच्या ‘शे दनी’ या उपाहारगृहात गेले. एकतीस पदार्थ आणि नऊ मद्ये झाली. बिल चार हजार डॉलर झाले, म्हणजे त्या वेळच्या दराने तीस हजार रुपयांहून अधिक. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी हा वृत्तान्त त्या दैनिकाच्या पहिल्या पानावर झळकला आणि वाचकांच्या संतप्त पत्रांचा पाऊस पडला. गंमत अशी की एवढ्या ताटावर बसून क्लेबोर्नने काही पदार्थांना नावेही ठेवली.

त्या जेवणात दोन जेवणारे होते. पण खरा यजमान पतपेढीचा धंदा करणारी कंपनी होती. चार हजार डॉलरमध्ये तिला जी जाहिरात मिळाली ती त्या पैशात एरवी मिळती ना. त्या एका रात्रीतून लक्षावधी वाचकांच्या मनात जे रुजले ते हेच की आयुष्यात एकदा तरी असे जेवावे आणि त्यासाठी कार्ड जवळ असावे. आज पगारदार तरुणाच्या खिशातले कार्ड आणि त्यावरचे मासिक हप्ते हे त्या बीजाचेच पीक आहे. शिवाय ‘एकदाच’ हे फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूने खरे असते. त्या टेबलावर काल कुणी तरी आयुष्यात एकदाच जेवून गेला, आज कुणी जेवत आहे, उद्याचे नाव वहीत आहे. गिऱ्हाइकाचे ‘एकदाच’ हे धंद्याचे ‘रोज’ असते. ज्या व्यवस्थेत एका टोकाला अशी टेबले वर्षभर आधी भरून जातात, ती व्यवस्था अपवादावर नव्हे, नेमावर चालते.

आता सर्वांत महत्त्वाचे विधान: पैसा आमचा. पॅरिसच्या तीन ताऱ्यांच्या उपाहारगृहात मद्य सोडून एका माणसाच्या जेवणाला आज चारशे युरो सहज पडतात, म्हणजे ढोबळमानाने चाळीस हजार रुपये. महाराष्ट्रात ग्रामीण रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साठी मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने एका कुटुंबाला वर्षात शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती. त्या शंभर दिवसांची मजुरी होते ३१,२०० रुपये. एका कातकरी कुटुंबाला कायद्याने वर्षभरासाठी जेवढ्याची हमी दिली, तेवढ्याने एका माणसाचे ते एक जेवण पुरे होत नाही. ही तुलना भावना भडकवण्यासाठी केलेली नाही. किंमत म्हणजे समाजाच्या श्रमावर आणि साधनांवर बजावलेला हुकूम असतो. कुणाच्या हुकमाला किती वजन, हे त्या दोन आकड्यांतून कळते.

यावर एक ठरीव उत्तर येते की असा खर्च झाला तरच स्वयंपाक्याला, वाढप्याला, कोळ्याला रोजगार मिळतो. हे उत्तर मँडेव्हिलने अठराव्या शतकाच्या आरंभी मधमाश्यांची रूपककथा लिहून दिले होते आणि ते तेव्हापासून श्रीमंतांच्या उपयोगी पडत आले आहे. मागणीने रोजगार निर्माण होतो हे खरे. परंतु कोणत्या मागणीने कोणता रोजगार, हा प्रश्न त्यात गाळलेला असतो. जॉर्ज ऑर्वेलने पॅरिसच्या एका मोठ्या हॉटेलात तळघरात भांडी घासली होती. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने दाखवून दिले की या डामडौलाखाली चाललेली ढोरमेहनत बव्हंशी निरर्थक असते. ती कुणाची गरज भागवत नाही, केवळ थाट उभा करते. ती गोष्ट जुनी झाली असे म्हणावे तर कोपनहेगनचे जगप्रसिद्ध नोमा पाहावे. तेथे शिकाऊ म्हणून राबणाऱ्या तरुणांना वेतन देण्यास २०२२ मध्ये आरंभ झाला, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच्या चालकाने जाहीर केले की या पद्धतीचे उपाहारगृह चालवणे परवडण्याजोगे नाही. चारशे युरोंच्या ताटालाही स्वयंपाकघरातील श्रमाची पुरी किंमत देता येत नसेल, तर रोजगाराचा युक्तिवाद तेथेच संपतो.

येथवर वाचून जे समाधानाने मान डोलावतील, त्यांच्यासाठीही चार शब्द लिहिणे भाग आहे. भोगवादाचा निषेध करताना आपल्याकडे पटकन संयमाचे प्रवचन सुरू होते, आणि ते बहुधा चुकीच्या माणसापुढे केले जाते. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. अस्वाद हे त्यांनी पाळलेल्या एकादश व्रतांपैकी एक. १९५० मध्ये पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. रोह्याशी चिंतामणराव देशमुखांचे नाव जोडलेले आहे. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात अर्थमंत्री या नात्याने त्यांनी बचतीचे महत्त्व देशाला सांगितले. एकाचा संयम व्रताचा, दुसऱ्याचा योजनेचा. दोन्ही आदरणीय आहेत. परंतु व्रत हे साधकाने स्वतःसाठी घ्यायचे असते. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून घ्यायचे नसते. ज्याच्या ताटात स्वाद कधी आलाच नाही त्याला अस्वाद शिकवणे हा क्रूरपणा आहे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप करून पोटाला चिमटा घेतला. पण तो पुढे आपल्या कष्टाचे धान्य आपल्या घरात यावे म्हणून. उपास हे त्यांचे साधन होते, ध्येय नव्हते.

बचतीचा उपदेशही जपून करावा लागेल. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो लहान ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. निवृत्त शिक्षक, मूर्तिकार, भाजीवाल्या यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. ज्या घरातील आजोबांनी पै-पै साठवली आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली, त्या घरातला नातू ‘हातात आहे तोवर खाऊन घ्यावे’ असे म्हणाला, तर त्याला केवळ चंगळवादी म्हणून मोकळे होता येणार नाही. उधळपट्टीचे मूळ पुष्कळदा चैनीत नसते, असुरक्षिततेत असते.

तीच गोष्ट हळदीच्या जेवणावळींची. जमिनी विकून आलेल्या पैशातून किंवा कर्ज काढून आगरी गावांत हळदीला मटणाच्या पंगती उठतात, दारू वाहते, यावर शहरी सुशिक्षित नाक मुरडतात. त्या खर्चाने घरे कर्जात बुडतात हे खरे, आणि त्याविरुद्ध त्या समाजातूनच आवाज उठत आहे ही चांगली गोष्ट आहे. पण पॅरिसच्या ताटाला ‘अनुभव’ म्हणणाऱ्याने हळदीच्या ताटाला ‘अडाणी उधळपट्टी’ म्हणावे, हा ढोंगीपणा आहे. हळदीच्या पंगतीत निदान सारा गाव जेवतो. पॅरिसच्या टेबलावर दोघे जेवतात आणि बाकीच्यांना छायाचित्रे दाखवली जातात.

मग प्रश्न एका जेवणाचा नसून कशाचा आहे? तो सार्वजनिक विवेकाचा आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले. अंड्यामागे पाच रुपये खर्च धरला होता. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठी वेगळा निधी देणे थांबवले; शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून अंडी द्यावीत असे सुचवले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, फेब्रुवारीत, केंद्रीय अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर लागू नये अशी तरतूद झाली. सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडण्यात आले आणि मध्यमवर्गाने अधिक खर्च करावा हा त्याचा उघड सांगितलेला हेतू होता. एक निर्णय राज्याचा, दुसरा केंद्राचा, हे मान्य. परंतु दोन्हींना टाळी देणारा वर्ग एकच आहे. त्याला करातील सवलत हा आपला हक्क वाटतो, आणि पेणच्या डोंगरातील वाडीवर शाळेत जाणाऱ्या पोराचे अंडे हा फुकटेपणा वाटतो. चाळीस हजार रुपयांत अशी आठ हजार अंडी येतात. ‘पैसा आमचा’ या विधानाचा खरा अर्थ येथे उघडा पडतो: ज्या समाजाने रस्ते, शाळा, महाविद्यालये देऊन हा पैसा मिळवण्याची पात्रता दिली, त्याचे त्यावर काही लागत नाही.

म्हणून कुणाच्या हातातला घास हिसकावून घेण्याची ही भाषा नव्हे. सणासुदीला, यशाला, वियोगानंतरच्या भेटीला माणसाने चांगले जेवावे. समाजवाद म्हणजे सर्वांना सारखी कोरडी भाकरी असे ज्यांना वाटते, त्यांना समाजवादही कळला नाही आणि भाकरीही. मेजवानी कशी असते हे या दोन तालुक्यांना पॅरिसकडून शिकावे लागत नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पेणपासून रोह्यापर्यंत शेतांत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, जमले तर कोंबडी, मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंडाला पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. जो शेकोटीपाशी येईल तो वाटेकरी. त्या मडक्यालाही वर्षभर वाट पाहावी लागते, त्याची चवही दुसरीकडे मिळत नाही. पण तिच्यातला आनंद दुसऱ्याला ती मिळू नये यावर अवलंबून नसतो.

उपभोगाची कसोटी हीच असावी. जे सुख वाटल्याने वाढते ते सुख. जे वाटताच फिके पडते तो केवळ हुद्दा. हुद्द्यासाठी चाळीस हजार मोजायला ज्याची ना नाही, त्याने पाच रुपयांच्या अंड्याला ना म्हणण्याचा अधिकार गमावलेला आहे. त्याने खुशाल पॅरिसला जाऊन यावे. मात्र परत आल्यावर वाडीवरच्या शाळेतले अंडे पुन्हा मिळावे म्हणून जी सही मागितली जाईल, ती करावी आणि त्यासाठी जो कर द्यावा लागेल, तो कुरकुर न करता द्यावा. तेवढे केले नाही, तर ते जेवण आयुष्यात एकदाच झाले की दहा वेळा झाले, याने काही फरक पडत नाही.