अंदाजाचं बिल ग्राहकाने का भरायचं?

पोस्ट मोठी आहे, पण गाडी असेल तर पूर्ण वाचा. नसेल तर ज्याच्या गाडीने रोज जाता त्याला पाठवा.

आमच्या शेजारी एक टुरिस्ट गाडीवाले राहतात. गाडी स्वतःची, ड्रायव्हर स्वतःच, आणि डोक्यावर बँकेचा हप्ता. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे विमानतळाचं भाडं होतं आणि गाडी सेल्फच घेईना. चावी फिरवली की एकदा 'टक्' आणि मग काही नाही. गॅरेजवाला आला आणि बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "बॅटरी गेली." नवी बॅटरी, साडेपाच हजार. तीन दिवसांनी पुन्हा 'टक्'. मग सेल्फ बदलला, सात हजार. आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी गाडी टो करून मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे सांगितलं, इंजिनचं अख्खं वायरिंग बदलावं लागेल. एस्टिमेट अडतीस हजार!

या सगळ्यात मीटर एकानेही लावला नव्हता.

शेवटी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी दहा मिनिटांत दोष दाखवला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून गंजली होती. किंमत अडीचशे रुपये. तोपर्यंत साडेबारा हजार गेले होते आणि नऊ दिवसांची कमाई बुडाली होती.

काकांनी जे केलं ते दहावीच्या विज्ञानात आहे. चांगली चार्ज असलेली बॅटरी बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी उतरलेली. हे झालं नुसतं बसल्याजागी. खरी परीक्षा सेल्फ मारताना. तेव्हा बॅटरीवरचा आकडा 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरीवर संशय घ्या. इथे तो 11 च्या वरच राहत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. तिथे फार तर 0.2-0.3 व्होल्ट यायला हवेत. आले जवळपास 3! जंपर केबलने बॅटरीचं निगेटिव्ह थेट इंजिनला जोडलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"पण लाईट तर लख्ख लागत होते!" हा सगळ्यांचा प्रश्न. लागणारच. दिव्याला थोडेच अँपिअर लागतात, शिवाय हेडलाईटचा करंट त्या इंजिनच्या पट्टीतून जातच नाही. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. जोडणीत 0.02 ओहम एवढा नगण्य रोध असला तरी 150 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच खर्च होतात. डोळ्यांना दिसत नाही, मीटरला दिसतं.

आता गॅरेजवाल्याला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मी घालणार नाही, कारण यात आपणही आहोत. मेकॅनिकने तासभर डोकं लावून दोष शोधला आणि तपासणीचे चारशे मागितले, तर आपण काय म्हणतो? "नुसतं बघायचे कसले पैसे?" डॉक्टरने नाडी पाहिली तरी फी देतो, इथे मात्र पार्ट हातात दिल्याशिवाय खिशात हात जात नाही. मग त्याचं पोट पार्टवरच्या मार्जिनवर चालणार आणि तो पार्टच बदलणार. शोधायचे पैसे मिळत नाहीत, बदलायचे मिळतात.

दुसरे वाटेकरी कंपन्या. आजच्या गाडीत इमोबिलायझर, सेन्सर, कंट्रोल युनिट. गल्लीतल्या मेकॅनिकला ना वायरिंगचा नकाशा मिळत, ना स्कॅनरचं पूर्ण सॉफ्टवेअर. अंदाज करणार नाही तर काय करणार? हे माझं रडगाणं नाही. स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये याच कारणासाठी, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून, 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राईट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टल काढलं. वाहनंही त्यात आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सक्ती नसेल तर कोण कशाला माहिती देईल?

म्हणून मागण्या सरळ आहेत. एक, वायरिंगचे नकाशे आणि तपासणीचं सॉफ्टवेअर वाजवी किमतीत कोणत्याही गॅरेजला देण्याची कायद्याने सक्ती करा. दोन, इलेक्ट्रिकल पार्ट बदलायच्या आधी घेतलेलं रीडिंग जॉबकार्डवर लिहिणं बंधनकारक करा. तीन, बदललेल्या पार्टने दोष गेला नाही तर त्याचे पैसे गॅरेजने परत द्यावेत.

कायदा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत गाडी सेल्फ घेत नसेल तर बॅटरीचे टर्मिनल ढिले किंवा पांढरे-हिरवे झालेत का ते आधी बघा. आणि कोणी "बॅटरी गेली" म्हणालं की एवढंच विचारा: "सेल्फ मारताना किती व्होल्ट आले?" आकडा सांगितला तर त्याला तपासणीचे पैसे आनंदाने द्या. नाही सांगितला तर पार्टला हात लावू देऊ नका.

पटलं तर शेअर करा. मेकॅनिक मंडळींनी कमेंटमध्ये जरूर भांडावं, तुमची बाजूही ऐकायची आहे.