वस्तऱ्याचा गुन्हा आणि शिक्षेचे माप

सलूनवाल्याकडून नियमभंग झाला, तर त्याला शिक्षा किती व्हावी? रहिमतपूरसारख्या बाजारपेठेच्या गावात हा प्रश्न निघाला की दोन उत्तरे हमखास मिळतात. एक पक्ष म्हणतो, ‘नियम मोडला ना? मग सगळ्यांना एकच शिक्षा, दुकानाला टाळे!’ दुसरा म्हणतो, ‘हातावर पोट असलेल्याला कसली शिक्षा करता? काम वाईट असेल तर गिऱ्हाईक आपोआप तुटेल.’ मला ही दोन्ही उत्तरे अमान्य आहेत.

आधी दुसरे उत्तर पाहू. गिऱ्हाइकाने शिक्षा करायची, तर त्याला अपराध दिसायला हवा. एकाच्या दाढीचे ब्लेड दुसऱ्याच्या गालावर फिरले, तर हेपेटायटिस बीची लागण होऊ शकते. हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो आणि आजाराची लक्षणे दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. तोवर ती दाढी कोणाच्या लक्षात राहणार? जातीवरून एखाद्याला खुर्ची नाकारली, तर बाकीच्यांचे काहीच बिघडत नाही. गल्ला तेवढाच भरतो. जिथे इजा सर्वांत खोल, नेमके तिथेच बाजार आंधळा असतो.

‘सगळ्यांना सारखी शिक्षा’ हे ऐकायला न्याय्य वाटते. समान गुन्ह्याला समान शिक्षा हे तत्त्व खरेच आहे. पण कृती सारखी दिसली म्हणून गुन्हा सारखा ठरत नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. सेवा त्यांनीही नाकारलीच होती, आणि त्याबद्दल आपण आजही त्यांचे ऋणी आहोत. उलट, अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ६ नुसार गुन्हा आहे. त्याला १ ते ६ महिने कैद आणि वर दंड. वस्तरा दोघांनीही खाली ठेवला: एकाने माणसाची विटंबना थांबवायला, दुसऱ्याने ती करायला. हेतू न पाहता शिक्षा ठरवणारा या दोघांना एकाच रांगेत उभे करील.

टाळे ठोकण्याविषयीही बोलले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत राज्यातील सलून मार्चपासून जूनअखेरपर्यंत बंद राहिली. २८ जूनला ती उघडली तीही केस कापण्यासारख्या मोजक्या सेवांपुरती. दाढीला मनाई होती. बंद दुकान एका घराची चूल कशी विझवते, हे तेव्हा गावोगाव दिसले. म्हणून दुकान बंद करणे ही शेवटची शिक्षा असावी, पहिली नव्हे.

मग माप कोणते? इजा किती झाली किंवा होऊ शकत होती, हेतू काय होता, चूक पहिली की पुन्हा पुन्हा केलेली, मागे कोणाचा दबाव होता, आणि चूक कळल्यावर त्याने काय केले, हे पाच प्रश्न विचारलेच पाहिजेत. स्वच्छ नॅपकिन नसला तर ताकीद आणि मुदत पुरे. तेच ब्लेड दुसऱ्यांदा वापरले तर दंड. पुन्हा घडले तर काही काळ दुकान बंद. १९५५ चा कायदाही याच वाटेने जातो. कलम ११ मध्ये पुन्हा केलेल्या गुन्ह्याला शिक्षा वाढते, आणि कलम ६ खाली दोषी ठरलेल्याचा व्यवसायाचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा अधिकार कलम ८ न्यायालयाला देते.

यावर आक्षेप येईल, की लहान गावात सगळे ओळखीचे, मग तपासणारा माणूस बघूनच माप लावील. ही भीती खरी आहे. पण त्यावरचा उपाय हे माप आधीच लेखी जाहीर करणे, सलूनवाल्याचे म्हणणे ऐकणे आणि आदेशात कारणे नोंदवणे हा आहे. सरसकट टाळे ठोकल्याने पक्षपात थांबत नाही; टाळे कोणाला आणि माफी कोणाला, एवढाच तो सरकतो.

दबावाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेतला. ‘त्यांचे केस कापलेस तर आमच्यातला एकही तुझ्याकडे येणार नाही’, अशी धमकी गावातल्या वजनदारांनी दिली असेल, तर नकार देणाऱ्याचा दोष पुसला जात नाही. पण मोठा अपराधी दुकानाबाहेर उभा असतो. सामाजिक बहिष्कार घालणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. तो त्यांच्यावर वापरा. गरीब कारागिराला दंड करून धमकी देणाऱ्याला नमस्कार घालणारी शिस्त रहिमतपुरात नको आणि महाराष्ट्रात कुठेही नको.