पहिली वेलांटी आणि काळा पडदा

ज्याला संगणकातलं फार कळतं, त्याला समोरच्या माणसाची अडचण मुळीच कळत नाही, असं माझं मत आहे. लिनक्सवाल्या मंडळींच्या बाबतीत तर ते पक्कं आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि घरोघरचे धडधाकट संगणक एका रात्रीत सेवानिवृत्त ठरले. त्यांच्यात लिनक्स घालून त्यांना पुन्हा कामाला लावावं, हा सल्ला उत्तमच. मी स्वतः तो चार जणांना दिला आहे. पण लिनक्स घातल्यावर कधीकधी चित्र येतच नाही. काळाकुट्ट पडदा, त्यावर इंग्रजीची एक ओळ आणि पुढे लुकलुकणारी रेघ. चित्र कसं आणायचं, असं विचारावं तर आमच्या सोसायटीतला एक जाणता तरुण म्हणतो, "काका, चित्र हवंच कशाला? खरं काम काळ्या पडद्यावरच होतं. चित्र म्हणजे निव्वळ चैन!"

या 'चैन' शब्दाशी माझं भांडण आहे.

त्याच्या बाजूनं जे आहे ते आधी जमा धरतो. लिनक्समध्ये चित्राचं खातं निराळं असतं, हे खरं. एक्स ही खिडक्यांची व्यवस्था १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जन्मली आणि लिनक्स आलं १९९१ साली. म्हणजे दुकानाच्या सात वर्षं आधी पाटी तयार! या एक्समध्ये पडदा, कळफलक आणि माऊस सांभाळतो तो 'सर्व्हर', आणि बाकीचे सगळे प्रोग्रॅम म्हणजे गिऱ्हाइकं. मला ही रचना ताबडतोब पटली. खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड देणं म्हणजे काय, हे मी रोज अनुभवतो. शिवाय खिडकी बंद झाली म्हणून बँक बुडत नाही, तसा पडदा काळा झाला म्हणून संगणक मरत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की बहुधा मागचं दार उघडतं आणि आत शिरून दुरुस्ती करता येते. मोठमोठे सर्व्हर तर गार खोलीत जन्मभर बिनचित्राचे राहतात. राहोत बापडे! त्यांना कुणी मुंजीची पत्रिका मराठीत करून मागत नाही.

आपल्याला मागतात. आणि चैनवाल्यांचा ताळेबंद नेमका इथेच जुळत नाही.

लिनक्सच्या नुसत्या काळ्या पडद्यावर एका वेळी फार तर ५१२ आकृत्या मावतात. इंग्रजी त्यात ऐसपैस पाय पसरून बसते. मराठीची अडचण मात्र नुसत्या जागेची नाही. 'किल्ली' हा साधा शब्द घ्या. संगणकाच्या दप्तरी आधी 'क' जमा होतो आणि नंतर पहिली वेलांटी. पण काढताना वेलांटी आधी काढायची! पुढे दोन 'ल' एकमेकांत बसवायचे. ही मांडामांड करणारा कारकून काळ्या पडद्यावर नेमलेलाच नाही. तो बसतो चित्राच्या खात्यात, आणि बहुतेक ठिकाणी त्याचं नाव हार्फबझ असतं. डेबियन नावाचं लिनक्स घालताना अक्षरी आणि चित्रमय अशी दोन रूपं मिळतात. त्यांतल्या चित्रमय रूपात भाषा जास्त, कारण काही लिप्या अक्षरी रूपाला काढताच येत नाहीत.

म्हणजे चित्र नसलं तर इंग्रजीवाल्याची गैरसोय होते; मराठी माणसाला मात्र आपलं नावसुद्धा धड वाचता येत नाही. ही चैन? उद्या मी खिडकीतून एखाद्या पेन्शनर आजोबांना म्हणालो, "आजोबा, पैसे खात्यात आहेतच. पासबुकात छापून हवेत कशाला? उगीच चैन!" तर संध्याकाळच्या आत माझी बदली होईल, आणि व्हायलाच हवी. जमा असणं वेगळं आणि जमा दिसणं वेगळं.

दुसरी सबब, 'ते फार अवघड असतं' ही. एके काळी होतं. मॉनिटरच्या कंपनांचे आकडे हातानं लिहून द्यावे लागत, आणि चुकीच्या आकड्यानं जुन्या नळीच्या मॉनिटरला इजा होण्याची भीती असे. आता मॉनिटर आपली माहिती आपणच सांगतो आणि २००९ पासून लिनक्सचा गाभाच पडदा लावून द्यायला लागला. तरीही काळोख असेल तर दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा. सुरू होतानाच्या ओळीत तात्पुरता 'नोमोडसेट' हा शब्द घालावा, साधंसं चित्र बहुधा येतं. मग योग्य ड्रायव्हर बसवावा. चित्राचं खातंच उघडलेलं नसेल तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घालावा आणि यंत्राला कायमचं 'ग्राफिकल टार्गेट'वर नेमावं. झालं! मी बी.कॉम. माणूस हे एका परिच्छेदात सांगू शकतो, तर जाणत्यांच्या तोंडाला कुलूप का?

काळ्या पडद्यावर ज्यांचं प्रेम आहे त्यांनी ते खुशाल करावं. परंतु दुसऱ्याच्या घरी लिनक्स घालायला जाणाऱ्यानं पडद्यावर 'किल्ली' नीट उमटल्याशिवाय खुर्ची सोडू नये. आणि तोवर घरच्यांनी त्याला चहा विचारू नये.